जुनी वही, नवं खातं

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. १ ऑक्टोबर २०२१ला तो चालवणारं आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झालं आणि तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आला. तारीख पाहा: आर्थिक वर्षाच्या ऐन मध्यावर!

अशा बदलात, किंवा ईआरपी (सगळ्या विभागांचे व्यवहार एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली) बसवताना, सगळ्या जुन्या नोंदी नव्यात ओतायच्या नसतात. आदल्या रात्रीची शिल्लक, अपूर्ण ऑर्डरी, येणीदेणी तेवढी न्यायची. बाकीचं दप्तर वाचण्यापुरतं जपायचं.

खरी मेहनत नावांची. एका कार्डावर ‘बोल्ट १० मिमी, १२ डझन’, दुसऱ्यावर ‘एम१० बोल्ट, ३० नग’. भांडारातल्या जुन्या माणसाला वस्तू एकच दिसते, संगणकाला दोन. म्हणून आधी त्या माणसालाच शेजारी बसवा. डझनाचे नग करायचे राहिले, तर १४४ बोल्टचे १२च उरतात.