बोलणाऱ्यानें आधीं काय केलें?

लकडगंजांतील लांकडांच्या वखारींपासून सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेचें जुनें मैदान फार दूर नाहीं. 31 ऑक्टोबर 1987 रोजीं त्या मैदानावर विश्वचषक-स्पर्धेंत भारत व न्यूझीलंड यांची गांठ पडली. चेतन शर्मा यांनीं लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले. त्या स्पर्धेच्या इतिहासांतील ती पहिली हॅटट्रिक. त्यानंतर अंगांत ताप असतांहि सुनील गावसकर यांनीं 88 चेंडूंत नाबाद 103 धांवा काढिल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचें हें एकमेव शतक! पांचच दिवसांनीं मुंबईस उपांत्य सामन्यांत ते चार धांवांवर बाद झाले, आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

पुढें त्यांनीं समालोचकाचा व्यवसाय पतकरिला. खेळाडू म्हणून ते सोळा वर्षें गाजले. समालोचक म्हणून त्याच्या दुपटीहून अधिक काळ घरोघरीं त्यांचा आवाज ऐकूं येत आहे. 125 कसोटी सामने, 10,122 धांवा व 34 शतकें ही त्यांची पुंजी. परंतु दुसऱ्याचे दोष दाखविण्याचा अधिकार केवळ अशा आंकड्यांनीं प्राप्त होतो काय?

आम्हांस वाटतें, त्यास आणखी एक गोष्ट लागते. ती म्हणजे स्वतःच्या चुकांची कबुली. 1975 सालीं लॉर्ड्सवर इंग्लंडच्या 334 धांवांना उत्तर देतांना गावसकर साठ षटकें खेळले, आणि त्यांनीं नाबाद 36 धांवा केल्या. ही आपली सर्वांत वाईट खेळी, असें त्यांनीं पुढें आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच लिहिलें. फेब्रुवारी 1981 मध्यें मेलबर्न येथें पंचानें पायचीत दिल्यावर ते संतापले, आणि आपले सहकारी चेतन चौहान यांनाहि मैदानाबाहेर घेऊन निघाले. संघाच्या व्यवस्थापकांनीं सीमेवरच चौहानांस थांबविलें म्हणून सामना वांचला. एवढेंच नव्हे, तर भारतानें तो 59 धांवांनीं जिंकला. त्या वर्तनाबद्दलहि गावसकरांनीं पुढें उघडपणें खेद व्यक्त केला.

डिसेंबर 2024 मध्यें त्याच मेलबर्नच्या मैदानावर ऋषभ पंत एका अविचारी फटक्यावर बाद झाले. गावसकरांनीं ‘मूर्खपणा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द तीनदां उच्चारिला. शब्द कठोर होता. कित्येकांस तो रुचला नाहीं. पंचाहत्तरी उलटलेल्या गृहस्थानें तरुणास असें जाहीरपणें बोलावें काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. परंतु जून 2025 मध्यें लीड्स येथें पंतांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकिलीं. पहिल्या शतकाच्या वेळीं त्याच समालोचकानें ‘अप्रतिम’ या अर्थाचा शब्दहि तितक्याच मोकळेपणें तीनदां उच्चारिला.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. घरांतील वडील मंडळींचा दरारा मोठा असतो, आणि मुलांच्या चुका त्यांस चटकन दिसतात. त्यांनीं त्या अवश्य दाखवाव्या. मात्र आपल्या तरुणपणींच्या चुकाहि मुलांस सांगाव्या. आणि रागावतांना शब्द जितक्यांदा उच्चारिला, तितक्यांदा तरी शाबासकी देण्यास विसरूं नये. असें झालें तर त्यांचें बोलणें मुलांस टोंचेल खरें, पण तें त्यांच्या मनांत रुजेलहि.