हरलेल्याचा पुढचा रविवार

एक हिशेब मांडू. अहिल्यानगर, म्हणजे आपला जुना नगर जिल्हा, क्षेत्रफळात राज्यात पहिला: १७,०४८ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. समजा, या जिल्ह्यात फुटबॉलचे १,३०० संघ आहेत आणि त्यांची साखळी स्पर्धा घ्यायची ठरली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा समोरच्याच्या. एकूण सामने किती होतील?

१६ लाख ८८ हजार ७००.

मैदान एकच असेल आणि दीड-दीड तासाचे हे सामने दिवसरात्र, एकही सुट्टी न घेता लागोपाठ खेळवले, तर २८९ वर्षं लागतील. १७३७ साली बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीवर धडकले, तेव्हा पहिली शिट्टी वाजली असती तर शेवटची आत्ता कुठे वाजली असती. बरं, एक मैदान कशाला, गावागावात मैदान आहे असं धरू. दर रविवारी सगळे संघ एकदम खेळतील. तरीही प्रत्येक संघाला २,५९८ सामने खेळायचे आहेत. वर्षाला ५२ रविवार, म्हणजे ५० वर्षं. विशीत बूट घातलेला पोरगा सत्तरीत शेवटचा सामना खेळेल.

आता तीच स्पर्धा बाद पद्धतीने घेऊ. हरला तो घरी. सामने फक्त १,२९९. गणित सरळ आहे: प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो आणि विजेता सोडून सगळ्यांना घरी जायचंच आहे. एकाच मैदानावर लागोपाठ खेळवले तरी ८१ दिवसांत आटपतं. एकीकडे २८९ वर्षं, दुसरीकडे ८१ दिवस. आयोजक बाद पद्धत का निवडतात, ते वेगळं सांगायला नको.

पण या झटपट हिशेबाची एक किंमत आहे. बाद पद्धतीत साधारण निम्मे संघ एकच सामना खेळतात. साडेसहाशे संघ तयारी करून येणार, दीड तास खेळणार आणि वर्षभरासाठी संपणार.

हे दृश्य आपल्याला परकं नाही. जत्रेच्या आगेमागे गावाबाहेरच्या माळावर टेनिस बॉलची स्पर्धा भरते. मांडव, फ्लेक्स, कर्ण्यावरून समालोचन, पहिलं बक्षीस ५१ हजार. शेजारच्या तालुक्यातून टेम्पोत बसून एक टीम येते. नवे टी-शर्ट, पाठीवर नावं. साडेआठला टॉस, साडेनऊला खेळ खल्लास. मग पोरं झाडाखाली बसून वडापाव खातात आणि दुसऱ्यांच्या मॅचेस बघत राहतात, कारण टेम्पोवाला संध्याकाळशिवाय निघणार नसतो. त्यांतल्या एखाद्याने पहिल्याच चेंडूवर दांडी गुल करून घेतलेली असते. त्याचा हंगाम म्हणजे तो एक चेंडू.

आता १,३०० हा आकडा कुठून आणला, ते सांगतो. तो जर्मनीचा आहे. तिथल्या फुटबॉल महासंघाशी जोडलेले क्लब २४ हजारांच्या आसपास आहेत आणि देशाची लोकसंख्या सव्वाआठ-साडेआठ कोटी. म्हणजे सरासरी साडेतीन हजार माणसांमागे एक क्लब. हेच माप नगर जिल्ह्याला लावलं की १,३०० क्लब होतात. जमिनीच्या हिशेबाने मोजलं तरी फार फरक पडत नाही: तिकडे साधारण १५ चौरस किलोमीटरला एक क्लब, म्हणजे नगरला साडेअकराशे. जिल्ह्यात तालुके १४. एकट्या पारनेरला किंवा पाथर्डीला नव्वदच्या घरात क्लब, असं ते प्रमाण आहे. जर्मनीतल्या या क्लबांचे सदस्य ७० लाखांहून जास्त, म्हणजे अख्ख्या नगर जिल्ह्याच्या लोकसंख्येची दीडपट.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १८९७ साली, ज्या वर्षी पुण्यात चापेकरांनी रँडला गोळी घातली, त्याच वर्षी दक्षिण जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात आठ क्लब एकत्र आले आणि त्यांनी दक्षिणेपुरती संघटना काढली. १९०० साली लाइपझिगमध्ये देशाचा महासंघ झाला, तेव्हा त्यात क्लब होते ८६. ८६ चे २४ हजार झाले, म्हणजे जवळजवळ २८० पट. हे कशाने झालं, याचं बरंचसं उत्तर प्रादेशिक साखळीत आहे.

पण त्याआधी त्यांनीही बाद पद्धतीची चव घेतली होती. १९०३ साली पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. कार्ल्सरूहेचा केएफव्ही हा क्लब दक्षिणेचा विजेता म्हणून उपांत्य फेरीत होता. समोर प्रागचा जर्मन क्लब, सामना लाइपझिगला. निघायच्या वेळी कार्ल्सरूहेला तार आली: सामना पुढे ढकलला आहे. खेळाडू घरीच थांबले. तार खोटी होती. प्रागचा संघ खेळल्याशिवाय अंतिम फेरीत गेला आणि तिथे लाइपझिगकडून ७-२ असा मार खाऊन परतला. एका खोट्या तारेने कार्ल्सरूहेचं वर्ष बुडालं. साखळीत असं झालं असतं तर बुडाले असते दोन गुण, आणि पुढच्या रविवारी पोरं पुन्हा मैदानात असती.

१९०८ साली दक्षिणेच्या संघटनेने आपल्या भागाचे चार तुकडे केले. त्यातल्या एकाचं नाव ‘झ्युडक्राइस’, म्हणजे दक्षिण मंडळ. बाडेन, व्युर्टेम्बर्ग, अल्सास-लोरेन आणि होहेनझोलर्नचा चिमुकला पट्टा एवढ्यांची मिळून ही लीग, १९१८ पर्यंत चाललेली. सगळा मुलूख धरून क्षेत्रफळ ५० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. आपला नाशिक विभाग याहून मोठा आहे.

तुकडे करण्यात मोठी हुशारी होती. साखळीतले सामने संघांच्या संख्येच्या वर्गाने वाढतात. संघ दुप्पट झाले की सामने चौपट होतात. उलटं केलं तर तोच वर्ग आपल्या बाजूने काम करतो. आपल्या १,३०० संघांचे १४-१४ चे गट पाडा. गट होतात ९३ आणि एकूण सामने १७ हजारांच्या आत. १६ लाख ८८ हजारांचा शंभरावा हिस्सा! प्रत्येक संघाला २६ सामने, अर्ध्या वर्षाचे रविवार. प्रवास जवळचा, भाड्याचा खर्च कमी, आणि हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा संधी. गटातला पहिला वरच्या पायरीवर जातो आणि तिथे दुसऱ्या गटांच्या पहिल्यांशी भिडतो. देश कितीही मोठा असो, तो असा जिना बांधून चढता येतो.

जवळच्या जवळ, पण दर आठवड्याला खेळून काय साधतं? त्यासाठी एकटं बाडेन बघा. तेव्हाचं हे संस्थान १५ हजार चौरस किलोमीटरचं, नगर जिल्ह्यापेक्षा लहान. १९१० साली लोकसंख्या २१ लाख ४३ हजार, आजच्या जिल्ह्याच्या निम्मीही नाही. १९०५ ते १९१२ या आठ वर्षांत जर्मनीचे आठ अंतिम सामने झाले. त्यांतल्या सहांत बाडेनचा क्लब होता. तीन जिंकले: १९०७ ला फ्रायबुर्ग, १९०९ ला कार्ल्सरूहेचा फिनिक्स, १९१० ला कार्ल्सरूहेचाच केएफव्ही.

आपल्या नकाशावर हे असं दिसेल. केएफव्ही आणि फिनिक्स, दोन्ही नगर शहरात. उपविजेता फोर्त्सहाइम राहुरीपेक्षाही जवळ, ३० किलोमीटरवर. फ्रायबुर्ग अकोले गावाच्या थोडं पलीकडे. आणि एवढ्याशा टापूतले संघ सहा वेळा देशाच्या अंतिम सामन्यात! १९१० च्या उपांत्य फेरीत तर नगर विरुद्ध नगर: केएफव्हीने फिनिक्सला २-१ ने हरवलं आणि अंतिम सामन्यात जादा वेळेतल्या एका पेनल्टीवर होल्स्टाइन कील या क्लबला. कार्ल्सरूहेची वस्ती तेव्हा होती १ लाख ३४ हजार. नगर शहर २०११ मध्येच साडेतीन लाखांवर गेलं होतं.

याच केएफव्हीचा गॉटफ्रीड फुक्स १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला. १ जुलैला जर्मनीने रशियाला १६-० ने धुतलं, त्यांतले १० गोल एकट्या फुक्सचे. जर्मनीकडून एका सामन्यात इतके गोल आजवर दुसऱ्या कोणी केलेले नाहीत. पण हा सामना पदकासाठी नव्हताच. दोन दिवस आधी ऑस्ट्रियाकडून ५-१ ने हरून जर्मनी बाहेर पडली होती. हा होता पराभूत संघांसाठी ठेवलेल्या वेगळ्या स्पर्धेतला सामना. हरलेल्यांना आणखी एक दिवस मिळाला म्हणून तो विक्रम झाला.

फुक्स ज्यू होता. त्याचा क्लबमधला जोडीदार युलियुस हिर्श हाही ज्यू. १९३९ साली ‘किकर’ या नियतकालिकाने जर्मनीच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंची छायाचित्रं छापली, त्यांत हे दोघे नव्हते. १६ पैकी १० गोल करणारा माणूस हिशेबातून वजा! ‘किकर’चा संस्थापक वाल्टर बेन्सेमान स्वतः ज्यू होता आणि कार्ल्सरूहेत फुटबॉल आणला तो त्यानेच. फुक्स कॅनडाला निसटला. हिर्शला १ मार्च १९४३ ला आउश्वित्झच्या गाडीत बसवलं. तो परतला नाही.

आता आपल्याकडे येऊ. केएफव्ही स्थापन झाला १८९१ मध्ये. त्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, भारतातल्या सगळ्यात जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. म्हणजे मुंबई आणि कार्ल्सरूहे एकाच रेषेवरून निघाले. मुंबईत हारवुड लीग १९०२ ला उभी राहिली, झ्युडक्राइसच्याही सहा वर्षं आधी. पण ती मुंबईपुरती. घाट चढून नाशिक, नगर, सोलापूरला जोडणारा जिना काही झाला नाही. मान होता तो कपाला, आणि कप बाद पद्धतीचा. शिवाय जिंकणारे संघ पलटणींचे. १८९१ पासून १९३६ पर्यंत रोव्हर्स कप ब्रिटिश लष्करी संघांच्याच हातात राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा भारतीय हातांत आणला. पलटणीची बदली झाली की तिचा संघही जायचा, गावात उरायचं मोकळं मैदान. नंतर हैदराबाद सिटी पोलिसने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा कप नेला, मोहन बागानने एकूण १४ वेळा. मोठी नावं, भरलेलं कूपरेज मैदान. २०००-०१ नंतर ही स्पर्धा झालीच नाही.

तिकडे प्रादेशिक साखळ्या नावं बदलत चालू राहिल्या. त्यांच्यातही दोष होते. १९३३ ते १९४४ या ११ हंगामांत वेस्टफालियाची लीग शाल्के क्लबने अकराही वेळा जिंकली: १८९ सामने, १६२ विजय, पराभव फक्त ६, गोल ९२४. बाकीच्यांनी कशाला खेळायचं, असं वाटावं इतकी एकतर्फी. तरी ते खेळले, कारण पुढचा सामना ठरलेला होता. गंमत म्हणजे सगळ्या देशाची मिळून एकच लीग, बुंडेसलीगा, सुरू झाली १९६३ साली. त्याआधी नऊ वर्षं, १९५४ मध्ये, पश्चिम जर्मनी विश्वविजेती झाली होती. देशपातळीची लीग नसताना, फक्त प्रादेशिक लीगमधून आलेल्या खेळाडूंच्या जिवावर.

आणि केएफव्ही? या शतकाच्या सुरुवातीला तो क्लब दिवाळखोरीत गेला, काही वर्षं मैदानात उतरलाच नाही, आणि मग सगळ्यात खालच्या पायरीवरून पुन्हा खेळू लागला. एके काळचा देशाचा विजेता. बाद पद्धतीत तो केव्हाच संपला असता. जिन्याला खालची पायरी असते, म्हणून परत येता आलं.

नगर जिल्ह्यात तालुके १४. तालुक्याला एक संघ धरला तर घरचे-दारचे मिळून १८२ सामने, दर रविवारी सात, २६ रविवार. दसऱ्याला सुरू केलं तर चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या आसपास, शेवटचा सामना होतो. ना पावसाची अडचण, ना मोठ्या स्टेडियमची गरज. फुटबॉलच हवा असंही नाही. कबड्डी चालेल, खो-खो चालेल, टेनिस बॉलही चालेल. पुढच्या जत्रेला वर्गणी गोळा करणाऱ्यांना एकच विनंती आहे: पहिल्या बक्षिसाच्या ५१ हजारांतले थोडे बाजूला काढा आणि सकाळी साडेनऊला हरलेल्या त्या टीमला पुढच्या रविवारची तारीख द्या.