विश्लेषण : ताकदवान रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी वळणावर का फिरते? ती ताब्यात कशी ठेवायची?

गेल्या तीन-चार दशकांत गाडी शिकलेल्या बहुतेक भारतीयांचा पाय मारुती ८००, अल्टो, सँट्रो, स्विफ्ट अशा गाड्यांवर तयार झाला. या सगळ्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. आता चित्र बदलतंय. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक एसयूव्हींची मोटर मागच्या चाकांना फिरवते. ७९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसोबत तिची ताकद २१० किलोवॅट, म्हणजे २८० हॉर्सपॉवरहून जास्त आहे. एकेकाळी फक्त महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये मिळणारी ही ताकद आता घरच्या गाडीत आली आहे.

अशा गाडीत ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला, तर जुन्या गाडीवर लागलेली सवय वाचवत नाही. उलट तीच गोत्यात आणू शकते.

पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद देण्यात फरक काय?

फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत वळवायचं काम आणि ओढायचं काम पुढचेच टायर करतात. वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर पुढची चाकं घसरतात आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकत जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. घाबरलेला चालक पाय उचलतो, वजन पुढे येतं, पुढच्या टायरना पकड मिळते आणि गाडी बहुतेक वेळा पुन्हा वळू लागते. घाबरून पाय उचलणं इथे कामी येतं.

रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये कामाची वाटणी असते. पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. वेग घेताना वजन मागे सरकतं, त्यामुळे ढकलणाऱ्या टायरना जास्त पकड मिळते. १,५०० किलोची, दोन ॲक्सलमध्ये २.७ मीटर अंतर असलेली आणि जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर गुरुत्वमध्य असलेली गाडी घेऊ. तिने बऱ्यापैकी जोरात वेग घेतला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ३० टक्के त्वरणाने, तर सुमारे ९० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. सरळ रस्त्यावर हा फायदाच आहे.

वळणावर मात्र मागच्या टायरची पकड सुटली, तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि तोंड आत वळतं. हे ओव्हरस्टिअर. अशा वेळी झटक्यात पाय उचलला तर वजन पुढे पळतं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि इंजिन त्याच चाकांना मागे खेचू लागतं. घसरणारा मागचा भाग अधिकच घसरतो.

मग पद्मिनी, ॲम्बेसेडरमध्ये हे का होत नव्हतं?

त्याही रिअर-व्हील ड्राइव्हच होत्या. बोलेरो आणि इनोव्हा क्रिस्टा आजही आहेत. पण पद्मिनीच्या छोट्या इंजिनात कोरड्या डांबरावर टायरची पकड मोडण्याइतका जोरच नव्हता. प्रश्न फक्त कोणत्या चाकांना ताकद मिळते हा नाही. ती ताकद पकडीपेक्षा जास्त होऊ शकते का, हाही आहे.

१९७५ साली आलेली पोर्शे ९११ टर्बो हे याचं गाजलेलं उदाहरण. २६० हॉर्सपॉवर, मागे इंजिन आणि उशिरा जागा होणारा टर्बो. वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर आधी फारसं काही होत नसे. चालक आणखी दाबायचा आणि मग सगळी ताकद एकदम यायची. त्याने दचकून पाय उचलला की मागचं वजन गाडीला फिरवून टाकायचं. या गाडीला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकोला विधवा करणारी, असं नाव पडलं ते यामुळे. इलेक्ट्रिक मोटरमध्ये अडचण उलटी असते. ताकद यायला उशीर लागत नाही, त्यामुळे पाय हळुवार नसेल तर जोरही झटक्यात येतो.

टायरकडे पकड किती असते?

टायरची पकड म्हणजे ठरावीक भांडवल. वळणं, वेग घेणं आणि ब्रेक लावणं, तिन्ही खर्च त्यातूनच होतात. हिशेब मात्र साध्या वजाबाकीचा नसून काटकोन त्रिकोणाचा असतो. पकड १०० मानली आणि वळण्यात ८० खर्च झाली, तर वेग घेण्यासाठी ६० उरते. वळण्यात ९५ गेली, तर ३१ उरते. पूर्ण १०० गेली, तर शून्य.

याचा अर्थ असा, की वळणाच्या अगदी टोकाला गाडी जराही ढकल सहन करत नाही, पण स्टिअरिंग थोडं सरळ होताच बरीच जागा मोकळी होते. पावसात भांडवलच निम्म्यावर येऊ शकतं. पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिसळून होणारा चिखल, पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, इथे तर ते आणखी घटतं.

पाय कसा वापरायचा?

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा. बाहेर पडताना स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल, तितकाच पाय खाली जावा. उजवा पाय आणि स्टिअरिंग एका दोरीने बांधलेत अशी कल्पना केली, तर हे लवकर अंगवळणी पडतं. मॅन्युअल गाडीत पावसात एक गिअर वरचा ठेवला तर चाकांवरचा जोर कमी होतो.

मागचा भाग सुटलाच तर?

पाय झटक्यात उचलू नये, ब्रेकही दाबू नये. ॲक्सिलरेटर थोडा सैल करावा, पूर्ण सोडू नये. नजर कठड्यावर नको, जिथे जायचं आहे त्या रस्त्यावर हवी. मागचा भाग ज्या बाजूला जातोय, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवावं. गाडी सावरू लागताच ते तितक्याच चपळाईने सरळ करावं. इथे उशीर झाला तर पकड परत मिळताच गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते. अनेकदा पहिल्या घसरणीपेक्षा ही उलटी झेप जास्त घातक ठरते. घाटात आडवी झालेली गाडी समोरून येणाऱ्या एसटीपुढे आपली बाजू देते, आणि तिथे बोनेटसारखं धक्का झेलणारं काही नसतं.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असताना हे शिकायचं कशाला?

ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकांची ताकद कापतं. बॉशने विकसित केलेला स्टॅबिलिटी प्रोग्राम १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आला. तो एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतो आणि माणसापेक्षा फार लवकर हे करतो. रस्त्यावर तो कधीच बंद करू नये. पण तो असलेली पकड वाटून देतो, नवी तयार करत नाही. वेग पकडीच्या पलीकडे गेला असेल, तर त्याचाही इलाज चालत नाही. मागे मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाय उचलताच मोटर वीज परत बनवू लागते आणि मागच्या चाकांना ब्रेक लागतो. म्हणून निसरड्या रस्त्यावर या रीजनची पातळी कमी ठेवावी.

सराव कुठे करायचा?

सार्वजनिक रस्त्यावर नाही. मोकळा दिसणारा रस्ताही कुणाच्या तरी घरी जाण्याचा असतो. योग्य जागा म्हणजे स्किडपॅड, म्हणजे पाणी टाकून निसरडं केलेलं मोकळं मैदान. तिथे कमी वेगातही गाडी घसरते, त्यामुळे चूक झाली तरी इजा होत नाही. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा रेस ट्रॅक अशा ठिकाणी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली शिकता येतं. मागचा भाग सुटतोय हे आधी सीटमधून जाणवायला हवं. ते ओळखता येऊ लागलं, की पाय एकदम उचलण्याऐवजी थोडाच सैल होतो. दाबण्याइतकंच हळू सोडताही येणं, हीच या गाडीची खरी शिकवणी.