जीप थांबली की हरवते!

गेल्या पावसाळ्यापूर्वी माझा एक जुना विद्यार्थी तक्रार घेऊन आला. तो परवानाधारक हौशी रेडिओवाला आहे. पूरमदतीच्या सरावात त्याची जीप नदीच्या पुलाशी उभी होती, पण नियंत्रण कक्षातील नकाशावर ती तीन किलोमीटर मागेच दिसत होती. खरा पूर असता तर मदत भलतीकडेच गेली असती! गंमत म्हणजे जीप धावत असली की ठिपका बरोबर सरके. थांबली की हरवे.

जीपमधल्या डबीत दोन कामे चालतात. ग्राहक सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतो. रेडिओ मोडेम ही माहिती १,२०० आणि २,२०० हर्ट्झच्या दोन सुरांत गुंफतो व २५ वॉटचा प्रक्षेपक ती १४४ मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवरून पाठवतो. मोबाइलचे मनोरे बंद पडले तरी ही व्यवस्था चालते.

मग बिघाड कोठे? आम्ही ग्राहकाला संगणक जोडला. जागा सापडली असेल तर त्याच्या ओळीत ‘ए’ हे अक्षर येते, नसेल तर ‘व्ही’. इंजिन बंद होते. ‘ए’ दिसत होता; प्रक्षेपण होताच ‘व्ही’ आला! मला वाटले, कारण सापडले. उपग्रहाचा संदेश इतका क्षीण, की शेजारच्या २५ वॉटच्या लहरींनी ग्राहकाचे कान बधिर केले असणार.

पण तर्क पडताळायला नको का? एरियल काढून तेथे ५० ओहमचा रोध जोडला. आता शक्ती उष्णतेत जाते, लहरी जवळजवळ बाहेर पडत नाहीत. तरीही ‘व्ही’ आलाच. माझा तर्क साफ चुकला होता.

मल्टीमीटर डबीच्या टोकांना लावला. १२.३ व्होल्ट, उत्तम! पण प्रक्षेपण सुरू होताच काटा १० वर घसरला. म्हणजे डबी बंद पडून पुन्हा सुरू होत होती. संदेश अर्धवट राही, आणि उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी एकदा सांगत असल्याने ग्राहकाला पुन्हा वाट पाहावी लागे. उपग्रहांवर उगाच आळ आला होता.

आता ओहमचा नियम आठवा. नुसते ऐकताना डबी ०.३ अँपिअर प्रवाह घेते, प्रक्षेपणात ६. वाटेत ०.४ ओहमचा रोध असेल, तर पहिल्या वेळी ०.१२ व्होल्ट हरवतात, दुसऱ्या वेळी तब्बल २.४! म्हणूनच स्वस्थ बसलेल्या यंत्राचे माप फसवे ठरले. इंजिन चालू असताना अल्टरनेटर सुमारे १४ व्होल्ट देतो, त्यातून २.४ गेले तरी भागत होते. गॅरेजमध्ये चाचणी इंजिन चालू ठेवूनच झाली होती.

हा रोध कोठून आला? अर्थिंगची तार रंगावरच स्क्रूने आवळली होती! रंग खरवडला, फ्यूज घालून जाड तारा थेट बॅटरीला जोडल्या. तूट ०.३ व्होल्टवर आली. पुढच्या सरावात जीप इंजिन बंद करून अर्धा तास पुलाशी उभी राहिली. नकाशावरचा ठिपकाही पुलाशीच होता.