तार शाबूत आहे ना?

दिवाळीच्या साफसफाईत जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वारूळवाडीच्या घरातला माळा एकदा पूर्ण रिकामा केला. पत्र्याच्या ट्रंकेमागे करड्या रंगाची बारीक केबल उंदरांनी सोलून ठेवली होती. आतल्या दोन्ही तारा उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. ती केबल मागच्या दाराला लावलेल्या चोरघंटीच्या चुंबकी स्विचची. म्हणजे दार सताड उघडं राहिलं, तरी पॅनेलला ते बंदच दिसत होतं. कीपॅडवरचा हिरवा दिवा बघून आई रोज रात्री निर्धास्त झोपत होती. हे किती महिने चाललं होतं, देव जाणे. त्या दिवसापासून मी चोरघंटीच्या वायरिंगकडे बारकाईने बघू लागलो.

दोष उंदरांचा कमी आणि जोडणीचा जास्त होता. चौकटीत काचेची छोटी नळी असते, तिच्यात लोखंडी पात्या. दाराच्या फळीवर चुंबक. दार लागलेलं असताना पात्या जुळतात आणि विजेचा फेरा पूर्ण होतो. दार उघडलं की तो तुटतो. या फेऱ्यात ठरावीक रोध देणारा एक रेझिस्टर घालतात. त्याचं मूल्य पॅनेलगणिक बदलतं. डीएससी या कंपनीच्या पॅनेलांना 5.6 किलोओहमचा लागतो. पॅनेल सतत हाच रोध मोजत बसतं. तो बरोबर भरला तर सगळं ठीक. फेरा तुटला, तर दार उघडलं आहे किंवा कुणी तार कापली आहे. रोध शून्यावर आला, तर तारा एकमेकींना भिडल्या आहेत. पण हे तिसरं कळायला रेझिस्टर तारेच्या पार शेवटी, स्विचच्या अंगाला असावा लागतो. आमच्याकडे बसवणाऱ्याने सगळे रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच एका रांगेत जोडले होते. काम दिसायला नीटनेटकं. पण माळ्यावर तारा चिकटल्या तरी पॅनेलला आपल्या डब्यातला रोध मिळतच होता. रेझिस्टर कुठे बसवला, एवढा एक प्रश्न विचारला तरी बसवणाऱ्याचा हात कळतो.

तारेतला बिघाड न कळण्याची ही अडचण या धंद्याइतकीच जुनी. ऑगस्टस पोप या अमेरिकी माणसाने 1853 मध्ये विजेच्या चोरघंटीचं पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत दार उघडल्यावर फेरा जुळायचा आणि घंटा वाजायची. चोराने आधीच तार कापली, की घंटा मुकी. पुढे फेरा कायम जुळलेला ठेवून तो तुटताच घंटा वाजवायची रीत आली, आणि रेझिस्टरने तिला तारा भिडल्याचंही भान दिलं.

आपल्या भागात चोरघंट्या बसवण्याचं काम वाढलं ते अलीकडे. पूर्वी वाड्याला दिंडीदरवाजा, आतून अडसर, गावाला जागल्या. जुन्नर-आंबेगावची माणसं डबे पोचवायला मुंबईला गेली, तरी मागे भरलेलं घर असायचं. आता टोमॅटोने आणि द्राक्षांनी चार पैसे दिले, मळ्यात बंगले उभे राहिले. मुलं चाकणला नाहीतर पुण्यात. बंगल्यात म्हातारं जोडपं, नाहीतर नुसतं कुलूप. शेजारचं घर उसापलीकडे, आणि त्या उसात बिबट्या. रात्री खुट्ट झालं म्हणून बाहेर येऊन बघावं, अशी सोय राहिलेली नाही. म्हणूनच अंगणात उष्णता टिपणारा सेन्सर लावू नये, असं माझं मत आहे. कुत्रं, वासरू, बिबट्या, चोर सगळ्यांना तो सारखाच ओरडतो. आठ दिवसांत घरचे वैतागून यंत्रणा बंद करतात. तो घरात, साधारण सात फुटांवर, खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उन्हापासून आणि चुलीपासून दूर असावा.

बिनतारी संच स्वस्त आणि झटपट आहेत, भिंतीत झिरी मारावी लागत नाही. तरीही वारूळवाडीत मी तारेचाच आग्रह धरीन. पूर्वेला खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. तिचा एक पट्टा 250 ते 500 मेगाहर्ट्झचा, आणि बाजारातले कितीतरी स्वस्त दार-सेन्सर 433 मेगाहर्ट्झवर बोलतात, म्हणजे ऐन त्या पट्ट्यात. एका सेन्सरची हाक क्षीण आणि क्षणभराची असते, हे खरं. पण घरोघरी त्या वाढायला लागल्या तर? दूरच्या दीर्घिकांचा कानोसा घेणारा शेजार लाभला असताना आपण तारेतूनच बोलावं.

तारेलाही तिची पथ्यं आहेत. 230 व्होल्टच्या पाइपातून ती ओढायची नाही. सांधे नुसते पिळून टेप गुंडाळलेले नकोत, डाग दिलेले हवेत. सायरनला जाड तार. बाहेरचा सायरन तीस मीटरवर असेल आणि एक अँपिअर खात असेल, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत जाऊन-येऊन दोनहून जास्त व्होल्ट वाटेतच मुरतात. पॅनेलच्या बारा व्होल्टांतले दहाही पोचत नाहीत, आणि सायरन घसा बसल्यासारखा वाजतो. दीड चौरसची तार घातली की ही घट एका व्होल्टच्या आत येते. सायरनचं झाकण उघडलं तरी पॅनेलला कळावं, म्हणून त्याच्या टॅम्परची जोडी वेगळी ओढायची आणि तो झोन, म्हणजे पॅनेलवरचा तो फेरा, चोवीस तास जागा ठेवायचा.

आणि बॅटरी. वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मी तिला पॅनेलइतकंच मानतो. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बॅटरी पाव अँपिअरच्या भाराला कागदावर 28 तास पुरते. उन्हाळे काढलेली बॅटरी त्याच्या निम्मीही पुरेल याची खात्री नाही. वीज आहे तोवर ती ठणठणीत दिसते. मेनचा स्विच पाडून सायरन वाजवल्याशिवाय तिचं खरं वय कळत नाही.

सायरन वाजला, पुढे काय? पुणे ग्रामीणमध्ये ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवर नोंदलेल्या गावकऱ्यांना एकाच वेळी हाक जाते. पॅनेलच्या डायलरमध्ये, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या भागात, लोक पहिला नंबर पुण्यातल्या मुलाचा घालतात. तो दोन तासांनी पोचणार. माझ्या मते पहिला नंबर जवळच्या वस्तीवरच्या माणसाचा हवा. तो त्या यंत्रणेला फोन करून सगळ्यांना उठवेल.

आता आमच्याकडे रेझिस्टर स्विचपाशी आहेत, माळ्यावरची केबल लोखंडी पाइपात आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कीपॅडपाशी उभा राहतो आणि आई एकेका दारापाशी जाते.

"आई, उघड."

"उघडलं रे."

झोन तीन पेटतो.

"लाव."

मग खिडक्या, मग गच्चीचं दार. गच्चीच्या पायऱ्या तिला हल्ली जड जातात, पण तिथेही ती स्वतःच जाते.