त्वचेचा कर्करोग समजून घेताना : लेखांक ५ – ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाची, गाठ त्वचेत किती मिलिमीटर उतरली आहे, यावरून पुढचा अंदाज कसा बांधतात, ते मागच्या लेखात पाहिलं. बायॉप्सीच्या त्याच रिपोर्टमध्ये खाली आणखी एक ओळ असते: एस-१०० पॉझिटिव्ह, मेलॅन-ए पॉझिटिव्ह, केआय-६७ अमुक टक्के. ‘पॉझिटिव्ह’ वाचलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आजचा लेख त्या एका ओळीसाठी.

मार्कर म्हणजे पेशीतलं एखादं प्रथिन. गाठीच्या पातळ कापावर त्या प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड सोडतात आणि प्रथिन असेल तिथे रंग उमटतो. मात्र तो रंग कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे मार्करागणिक बदलतं.

पहिला प्रश्न, ही पेशी कुठल्या कुळातली? एस-१०० हे प्रथिन १९६५ मध्ये गायीच्या मेंदूत सापडलं. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलं राहतं, म्हणून हे नाव. ते मज्जासंस्थेतल्या पेशींत असतं, तसंच त्वचेच्या रंगपेशींतही. मेलॅन-ए तर साध्या तिळातही दिसतं. म्हणजे हे दोन मार्कर पेशीची ओळख पटवतात, आजार किती गंभीर आहे ते सांगत नाहीत.

दुसरा प्रश्न वाढीचा. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच दिसतं. जर्मनीतल्या कील शहरात ते हाती लागलं; ‘केआय’ त्या शहरावरून आणि ६७ हा प्रयोगातल्या क्लोनचा क्रमांक. त्याचं प्रमाण जास्त म्हणजे वाढ वेगाची. तरीही आजाराची पायरी ठरवणाऱ्या प्रचलित आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला जागा नाही. तिथे मान आहे तो गाठीची जाडी, तिच्यावरचा व्रण आणि लसिकाग्रंथींपर्यंतचा प्रसार यांना.

आजार दूरच्या अवयवांत पोचला असेल, तर मात्र रक्तातल्या एलडीएच या विकराची पातळी विचारात घेतात. ती वाढलेली असणं काळजीचं असतं. पण यकृताच्या आजारातही ती वाढते, म्हणून एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

तिसरा प्रश्न औषधाचा. बीआरएएफ या प्रथिनात ६०० व्या जागी बदल झाला की ते पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देत राहतं. इथे ‘पॉझिटिव्ह’ आलं तर उपचाराचा एक रस्ता उघडतो. तो हुकूम थोपवणाऱ्या व्हेमुराफेनिब या गोळीला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि त्यानंतर अशी आणखी औषधं आली.

म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना जरूर विचारा: हा मार्कर निदानासाठी पाहिला, पुढच्या अंदाजासाठी, की औषध ठरवण्यासाठी? आणि हेही लक्षात असू द्या, की अंदाज शेकडो रुग्णांच्या अनुभवातून बांधलेला असतो. एका माणसाचं पुढे काय होईल, ते त्यात लिहिलेलं नसतं.

पुढच्या आठवड्यात : तळपायावरचा आणि नखाखालचा मेलॅनोमा.