रक्ताच्या पेशी मोजणारं यंत्र आणि खोलीचं तापमान

"एसी बंद पडला होता, म्हणून तपासणी उद्या करू," असं लॅबमधून सांगितलं की नातेवाईक चिडतात. ते स्वाभाविकच आहे. घरातल्या मुलाला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे की नाही, या उत्तराची वाट पाहणाऱ्याला एसीचं कारण बहाण्यासारखं वाटतं. पण या एका तपासणीच्या बाबतीत ते कारण खरं असतं.

तपासणीचं नाव फ्लो सायटोमेट्री. रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा (बोन मॅरो) नमुना घेऊन त्यातल्या पेशींना चमकणाऱ्या रंगांचे अँटीबॉडी चिकटवतात. मग पेशी एकामागून एक, रांगेत, लेसरच्या प्रकाशासमोरून जातात. कोणत्या पेशीवर कोणता रंग किती चमकला, यावरून ती निरोगी आहे की कर्करोगाची, आणि कर्करोगाची असली तर कोणत्या प्रकारची, हे ठरवायला मदत होते. एचआयव्हीच्या रुग्णांची सीडी-४ पेशींची संख्या आणि स्टेम सेल गोळा करण्याआधीची सीडी-३४ची मोजणीही याच पद्धतीने होते.

उष्णतेने नक्की काय बिघडतं?

लेसरचा झोत आणि पेशींची धार यांची जुळणी अतिशय सूक्ष्म असते. केसाच्या जाडीहूनही लहान अंतरं. खोली तापली की यंत्राचे भाग किंचित प्रसरण पावतात आणि ही जुळणी सरकू शकते. चमकणारे रंगही उष्णतेत साधारणपणे फिके पडतात. प्रकाश टिपणाऱ्या काही प्रकारच्या सेन्सरची संवेदनशीलता तापमान वाढलं की कमी होते. हे सगळं एकत्र झालं, तर जी पेशी 'ठळक' दिसायला हवी ती 'पुसट' दिसते. कर्करोगाच्या निदानात हा फरक लहान नाही, कारण कित्येकदा निर्णय याच ठळक-पुसटावर अवलंबून असतो. म्हणूनच रोज सकाळी रुग्णाचा नमुना लावण्याआधी ठरावीक चमक असलेले सूक्ष्म मणी यंत्रातून सोडून पाहतात. मण्यांची चमक ठरलेल्या मर्यादेत आली नाही, तर चांगली लॅब काम थांबवते. तुम्हाला कळतं ते एवढंच, की रिपोर्ट लांबला.

याच यंत्राचा मोठा भाऊ म्हणजे सेल सॉर्टर. तो पेशी मोजून थांबत नाही, त्या वेगळ्याही करतो. १९६५ मध्ये मॅक फुलवायलर यांनी अमेरिकेत लॉस अलामोस इथे असा सॉर्टर तयार केला, आणि त्यामागची कल्पना चक्क शाईचे थेंब उडवणाऱ्या छपाई यंत्राची होती! द्रवाची धार कंपनाने थेंबांत तुटते, हव्या त्या पेशीच्या थेंबाला विद्युतभार देतात आणि तो थेंब बाजूला वळतो. पेशी लेसरसमोरून गेल्यावर किती वेळाने थेंब तुटेल, हा हिशेब अचूक हवा. आता पाण्याचं पाहा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, ३० अंशांवर सुमारे २० टक्क्यांनी कमी होते. धारेचा वेग बदलतो, थेंब तुटण्याची जागा सरकते आणि भार शेजारच्याच थेंबाला मिळतो. हवी ती पेशी हातची जाते. सॉर्टर मुख्यतः संशोधनात वापरतात. तुमच्या रिपोर्टसाठी बहुतेक वेळा फक्त मोजणारं यंत्र असतं.

नमुना तुमच्या हाती दिला तर

यंत्राची काळजी लॅब घेते. वाटेतल्या नमुन्याची मात्र कधीकधी तुम्हालाच घ्यावी लागते, आणि माझ्या अनुभवात जास्त गडबड इथेच होते. एका मुलाचे वडील अस्थिमज्जेची नळी थेट बर्फात ठेवून घेऊन आले होते. काळजीपोटीच. पण बर्फाला टेकलेलं रक्त गोठून पेशी फुटल्या होत्या, आणि त्या मुलाला सुई पुन्हा टोचावी लागली. उलट टोकाला, चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहिलेल्या नळीतल्या पेशी मरू लागतात, आणि मेलेल्या पेशी वाट्टेल तो रंग धरतात.

या तपासणीचे नमुने सहसा खोलीच्या तापमानाला, साधारण १८ ते २५ अंशांत नेतात. उन्हाळ्यात नळी थर्मासच्या डब्यात ठेवा, थंड पॅक वापरायचा असेल तर मध्ये कापडाची जाड घडी हवी. फ्रीजमध्ये ठेवायची का, हे लॅबला फोन करून विचारा, शेजाऱ्याला नको. नळीवर नाव आणि नमुना घेतल्याची वेळ लिहिली आहे ना, तेही बघून घ्या, कारण एक-दोन दिवसांपेक्षा जुना नमुना अनेकदा परत पाठवतात.

आणि एक दिवस उशीर झाला म्हणून उपचार अडतील का? प्रत्येक वेळी नाही. एपीएल नावाच्या ल्युकेमियाचा नुसता संशय आला, तरी आम्ही रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या सुरू करतो. रुग्णाला ताप, रक्तस्राव किंवा धाप असेल, तर रिपोर्ट येवो न येवो, लगेच रुग्णालयात या.